एकतीस उत्तरपत्रिकांतले एक वाक्य

चीनमधल्या शाचुआनच्या शाळेत सोळा वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या लियाओ देपिंग यांनी इंग्रजी बोलणारा माणूस समोरासमोर कधी पाहिला नव्हता. ते मुळात रशियन शिकलेले. रशियाशी बिनसून रशियनचे दिवस संपल्यावर त्यांनी शाळेत शेतीचे तास घेतले, घोषणा रंगवल्या, दोन वर्षे शाळेची डुकरे सांभाळली. अडुसष्ट साली घरात तीन रशियन पुस्तके सापडली म्हणून त्यांची चौकशीही होऊन गेली. मग अठ्ठ्याहत्तर साली मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून विचारले, "तुम्हाला एक परदेशी भाषा येते ना?"

"रशियन येते."

"मग दुसरीही येईल. सोमवारपासून इंग्रजी घ्या."

लियाओंनी रेडिओ विकत घेतला. सकाळी सहाला इंग्रजीचे पाठ लागत, ते ऐकून सातला तेच वर्गात शिकवायचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ते एका तासाने पुढे असत. व्याकरण त्यांना यंत्राच्या सुट्या भागांसारखे समजले. उच्चार मात्र रशियनच राहिले. 'र' आला की त्यांची जीभ थरथरे, आणि त्यांच्यामागून अख्ख्या वर्गाची. तालुक्याच्या गावी एखादा मुलगा तसा 'र' म्हणाला की लोक ओळखत, हा शाचुआनचा.

शिकवण्याची त्यांची पद्धत पानांची होती. एका विशेषणाला एक पान. मेणकागद पोलादी पाटीवर ठेवून ते टोचणीने अक्षरे कोरत आणि शाईचा रूळ फिरवून पंचेचाळीस प्रती काढत. पानावर आधी शब्दाचे अर्थ, मग तो कुठे चालतो, कुठे चालत नाही, आणि सगळ्यात खाली चौकटीत एक वाक्य. चौकटीतले वाक्य जसेच्या तसे पाठ करायचे. शब्दाची गरज पडली की तो एकटा काढायचा नाही, वाक्यासकट काढायचा. सकाळच्या अर्ध्या तासात सगळी मुले अंगणात उभी राहून ही वाक्ये एका सुरात म्हणत. या मुलांचे आजे जुने ग्रंथ असेच शिकले होते: आधी तोंडपाठ, अर्थ मागून येतो. त्यात कुणाला वावगे वाटत नसे. लियाओंनाही नाही.

अशी दोनशे चाळीस पाने त्यांनी केली. 'हेवी' या शब्दाचे पान त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातले. हा शब्द मुलांना सोपा वाटायचा आणि तिथेच ती फसायची. हेवी म्हणजे जड, एवढे कळले की झाले, अशी त्यांची समजूत. मग ती आजाराला जड म्हणत आणि मीठ जास्त पडलेल्या भाजीलाही जड म्हणत, कारण घरी तसेच म्हणतात. इंग्रजीत आजार गंभीर असतो आणि भाजी खारट. उलट जिथे इंग्रजीला जड हवे, तिथे मुले मोठा घालत. मोठा पाऊस, मोठा बर्फ. इंग्रजीत पाऊस जड असतो, बर्फ जड पडतो, सिगारेटी फुंकणारा जड फुंकतो, झोप जड लागते. रस्त्यावरची वाहतूकही जड असते. हे लियाओंनी रेडिओवर ऐकून लिहून टाकले. शाचुआनच्या रस्त्यावरून दिवसाला दोन बस जात.

बाकीच्या पानांवरची वाक्ये त्यांनी छापील पुस्तकांतून उचललेली होती. या शब्दासाठी पुस्तकात जे वाक्य होते, त्यात लंडनमधले एक गृहस्थ पावसात टॅक्सी शोधत होते. मुले ते संध्याकाळपर्यंत विसरत. मग एके दिवशी लियाओंनी टोचणी उचलली आणि स्वतःच एक वाक्य केले. इंग्रजीत त्याची लय बरी होती. अर्थ असा: पाऊस जड होता, पाठीवरचे राळ्याचे पोते त्याहून जड होते, पण आई दारात उभी होती आणि ती मला परत फिरू देईना.

शाळेत राहणारी मुले आपले धान्य घरून आणत, अजूनही आणतात. लियाओ स्वतः पंचावन्न साली, तेराव्या वर्षी, असेच निघाले होते. वाक्यात जे नाही ते एवढेच की ते ओहोळापर्यंत जाऊन परत आले होते आणि आईने त्यांना चुलीतल्या चिमट्याने मारून पुन्हा वाटेला लावले होते. तेवढे सगळे एका वाक्यात मावत नव्हते.

ते वाक्य कुणी विसरले नाही.

चौऱ्याण्णव साली जुलैच्या नऊ तारखेला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा इंग्रजीचा पेपर झाला. निबंधाला विषय आला: न विसरता येणारा दिवस. पंचवीस गुण. शाचुआनची त्रेचाळीस मुले तालुक्याच्या गावी दोन वेगवेगळ्या इमारतींत बसली होती. बाहेर आल्यावर वेई सुलान धावत लियाओंकडे आली. वर्गातली पहिली. जिल्ह्याच्या अध्यापक महाविद्यालयात जायचे, तिथे फी नसते, जेवण मिळते आणि पुढे नोकरी ठरलेली, एवढा एकच विचार ती तीन वर्षे करत होती.

"सर, 'हेवी'चं पान कामी आलं!"

"पूर्ण वाक्य घातलंस?"

"पूर्ण. पहिल्याच ओळीत."

लियाओंनी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक शांग यांनी त्यांना घरून बोलावून घेतले. कचेरीत तालुक्याच्या शिक्षण खात्यातला पेंग नावाचा अधिकारी बसला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पुठ्ठ्याचा पंखा.

"लियाओसर, बसा आधी," शांग म्हणाले. त्यांनी चहा ओतला, म्हणजे गोष्ट वाईट होती.

पेंगने एक कागद पुढे सरकवला. "हे वाक्य ओळखता?"

"माझं आहे."

"माझं म्हणजे?"

"मी शिकवलेलं."

"एकतीस पोरांनी लिहिलंय. अक्षरन् अक्षर. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी."

क्षणभर लियाओंना बरेच वाटले. स्वल्पविरामांवर त्यांनी पुष्कळ वेळ घालवला होता.

"प्रांताच्या ठिकाणी पेपर तपासतात तिथं हसं झालं म्हणे," पेंग पुढे म्हणाला. "एका बाईनं लागोपाठ अकरा पेपर वाचले आणि बारावा हातात धरून ओरडली, शाचुआनात काय सगळ्यांना मिळून एकच आई आहे का? मग हसायचं थांबलं आणि नियमाचं पुस्तक निघालं. सारखे पेपर म्हणजे कॉपी. कॉपी म्हणजे इंग्रजीत शून्य आणि कायमच्या नोंदीत शेरा. एकतीस जणांच्या."

"पोरं दोन इमारतींत होती. कॉपी करतील कशी?"

"तेच तर. मग म्हणतील पेपर फुटला. ते तर आणखी वाईट. तुम्ही, मी, हे शांगसाहेब, सगळे त्यात आलो."

शांग यांनी पेला टेबलावर ठेवला.

"मी हे वाक्य अकरा वर्षं शिकवतोय," लियाओ म्हणाले. "कुणालाही विचारा."

"कुणाला?"

"चला माझ्याबरोबर."

तो बाजाराचा दिवस होता. दोउ खाटीक अर्धे डुक्कर आकड्याला टांगून बरगड्या सोडवत होता. शहाऐंशीच्या तुकडीतला. तीनदा परीक्षेला बसून तिन्ही वेळा नापास.

"दोउ," लियाओ म्हणाले, "हेवी."

दोउने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि भर बाजारात ते वाक्य म्हणून दाखवले, थरथरत्या 'र'सकट. भाजीवाल्या बायका हसू लागल्या.

"अजून लक्षात कसं?" पेंगने विचारले.

"साहेब, सासऱ्याच्या श्राद्धाचा दिवस विसरतो मी, त्यावरून घरात लाटणं फिरतं. पण हे नाही विसरत. याच्यासाठी सरांची पट्टी खाल्लीय." मग त्याने डोळे बारीक केले. "का हो, सरांनी काही केलंय का? किती मांस पाहिजे तुम्हाला?"

"काही नको, बाबा."

टपाल कचेरीतल्या बाईने काउंटरमागून तेच वाक्य म्हटले. ती एकोणनव्वदची. म्हणाली, "टपालाची थैली उचलताना रोज आपोआप तोंडात येतं, सर." तिसऱ्या माणसाकडे जायला पेंग तयार नव्हता. "पुरे," तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हते, आणि लियाओंना पहिल्यांदाच वाटले की हे निभावेल.

परत कचेरीत आल्यावर पेंगने कागद ओढला. "कॉपी नाही, पेपर फुटलेला नाही. मी तसं लिहून देतो. शेरा टळला, इंग्रजीचं शून्य टळलं. आता निबंधाचे पंचवीस मार्क. हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं?"

"का?"

"छापील पुस्तकातलं असेल तर प्रश्नच मिटला. पाठ केलेलं वाक्य घातलं, थोडे मार्क कापतात, बाकीचे देतात. सगळ्या देशात पोरं तेच करतात."

"आणि पुस्तकातलं नसेल तर?"

"तर निबंध पोरांचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी."

"पुस्तकातलंही दुसऱ्याचंच असतं ना?"

"पुस्तकाला पान नंबर असतो, सर," पेंग म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखरच मदत करत होता.

दोनशे एकोणचाळीस वाक्यांचे पान नंबर लियाओंनी झोपेतही सांगितले असते.

"रेडिओच्या एका जुन्या पुस्तकात होतं बहुतेक," ते म्हणाले.

शांग यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

"आणून दाखवा," पेंग म्हणाला. "परवापर्यंत."

दोन दिवस लियाओ घरातली पुस्तके चाळत होते. पुस्तके थोडीच होती, चौदा. प्रत्येकाचे पान न् पान त्यांनी पुन्हा वाचले. त्यांना आशा होती की ते वाक्य आपले नसेलच. कुठेतरी वाचले असेल, विसरलो असू, मग हाताने आपोआप उतरले असेल. जड पाऊस सापडला, जड बर्फ सापडला, जड पोते एकदा सापडले, पण त्यात बटाटे होते आणि ते एक हमाल उचलत होता.

"काय शोधताय एवढं?" बायकोने विचारले. ती अंगणात शेवया वाळत घालत होती.

"मी केलेली चोरी."

"मग? सापडली?"

"नाही."

"सोळा वर्षं सगळं दुसऱ्याचं शिकवलंत," ती म्हणाली, "हेच एक तेवढं स्वतःचं कशाला करायला गेलात?"

लियाओंकडे याचे उत्तर होते, पण ते वादात टिकणारे नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते पहिल्या बसने तालुक्याला गेले आणि पेंगसमोर उभे राहिले. पुस्तक मिळाले नाही, असे म्हणायचे त्यांनी वाटेत ठरवले होते. प्रत्यक्षात म्हणाले, "पुस्तक नाहीच आहे. मी केलंय ते वाक्य."

पेंगने पंखा टेबलावर ठेवला. "हरवलं म्हणाला असतात तर मी आणखी आठ दिवस काढले असते," तो म्हणाला.

"आठ दिवसांनी काय झालं असतं?"

"काही नाही. हेच."

निकाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागला. एकतीस जणांच्या निबंधाला शून्य, बाकी गुण कायम, नोंदीत शेरा नाही. शांग म्हणाले, थोडक्यात वाचलो. शाळेच्या दृष्टीने ते खरे होते. त्रेचाळीसपैकी पाच जणांना प्रवेश मिळाला, आणि ते पाचही, ज्या बारा जणांनी ते वाक्य लिहिले नव्हते, त्यांतले होते. सकाळच्या पाठांतराला मागच्या रांगेत नुसते ओठ हलवणारे. सुलान नऊ गुणांनी राहिली.

या भागात प्रवेश मिळालेल्या मुलाचे आईबाप शिक्षकांना जेवण घालतात. न जाणे म्हणजे घरच्यांचे नाक कापणे. पाचांपैकी शुए बाओच्या बापाची वीटभट्टी होती. त्याने बारा टेबले मांडली आणि लियाओंना दाराकडे तोंड करून मानाच्या जागी बसवले. शुए बाओ दोन्ही हातांत पेला धरून आला. मुलगा मनाने साधा होता.

"सर, तुमच्यामुळं."

"तू काय लिहिलंस निबंधात?"

"आजोबांच्या अंत्ययात्रेचं. सर, मारू नका, पण मी मोठा पाऊस लिहिला."

"किती मिळाले?"

"अकरा."

टेबलावरचे सगळे हसले. शुएचा बाप सगळ्यात मोठ्याने. "पाहिलंत? गाढव आहे नुसतं! तरी सरांनी त्याच्या डोक्यात एवढं तरी घातलं." लियाओंनी पेला रिकामा केला. त्यांच्यासमोर माशाचे डोके ठेवले गेले, तेही मानाचे, आणि त्यांनी ते नीट खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ते सुलानच्या गावी गेले. चालत चार तास, डोंगराच्या धारेवरून. वाटेत त्यांनी बोलायचे मुद्दे ठरवले. एक वर्ष पुन्हा बसू द्या. राहण्याची सोय मी माझ्या घरी करतो. पुढच्या वेळी ती वरच्या क्रमांकाने जाईल.

सुलानचा बाप वेई अंगणात टोपली विणत होता. तो ताडकन उठला, स्टूल बाहीने पुसले आणि आत ओरडला, "पाणी ठेव! गुरुजी आलेत!" लियाओंनी नको नको म्हणेपर्यंत त्याने कोंबडी धरलीही होती.

"गुरुजी, एक विचारू?" तो कोंबडीचे पाय बांधत म्हणाला. "मला अडाण्याला समजत नाही. तुम्ही त्यांना ते पाठ करायला सांगितलं."

"हो."

"आणि हिनं केलं."

"केलं."

"एकही चूक न करता?"

"एकही नाही."

"मग?"

लियाओंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. बापाने लक्ष देऊन ऐकले आणि शेवटी मान हलवली, जशी तो कुठल्याही सरकारी गोष्टीला हलवत असावा.

"जाऊ द्या. तुमचा काय दोष. ती म्हणत होती, सरांचं तिनं शब्दन् शब्द ऐकलं. एवढं पुरे." मग तो म्हणाला, "बारा तारखेला दक्षिणेकडची बस आहे. ठेकेदार आमच्याच गावचा आहे. चपलांचा कारखाना. धाकट्याची शाळा त्यावर निघेल."

"वेई भाऊ, एक वर्ष द्या तिला. माझ्या घरी राहील."

"आणि पुढल्या वर्षी तुम्ही काय पाठ करायला सांगाल?" बापाने विचारले. त्याने ते अगदी सरळपणे विचारले होते.

सुलान पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली होती. पेला त्यांच्या हातात देऊन ती जरा बाजूला उभी राहिली.

"सर, दुसरं काय लिहायला हवं होतं मी?"

"तुझं स्वतःचं," लियाओ म्हणाले. "तुझा एखादा दिवस."

"तोच तर होता." ती थोडी गोंधळली. "पहिल्या वर्षी शाळेत आले ना, तेव्हा असाच पाऊस होता. पोतंही राळ्याचंच. मी त्या वळणावरून परत आले, तिथं, ते झाड आहे ना, तिथून. आईनं दार लावून घेतलं. उघडेचना. मग तुम्ही दोन महिन्यांनी ते पान वाटलंत." तिने खांदे उडवले. "मला वाटलं, आईनं तुम्हाला सांगितलं असणार. आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं की तुम्ही आमच्यावरच लिहिलंय."

वेईने कोंबडीच्या गळ्यावर सुरी ठेवली. लियाओंनी पेला तोंडाला लावला. पाणी उकळते होते, आणि ते थंड होईपर्यंत त्यांना काही बोलावे लागणार नव्हते.

जेवण झाले. एक वर्षाचा विषय त्यांनी पुन्हा काढला, तेव्हा बाप हसून म्हणाला, "गुरुजी, मांस घ्या." तिसऱ्यांदा त्यांनी काढला नाही. निघताना वेईने कोंड्यात ठेवलेल्या वीस अंड्यांची टोपली त्यांच्या हातात दिली. मुलीला तीन वर्षे शिकवल्याबद्दल. परत करायची सोय नव्हती. डोंगराची उतरण त्यांनी फार सावकाश पार केली, टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कारण वाट घसरडी होती.

बारा तारखेला सुलान बसमध्ये बसली. तिच्या तुकडीतल्या आणखी नऊ जणी त्याच बसमध्ये होत्या.